तिसऱ्या रांगेतलं पागोटं

काही घराण्यांत पानिपतावर पडलेला पूर्वज असतो. काहींकडे पेशव्यांनी दिलेली सनद असते. ती बघायला मागितली की नेमकी वाळवीने खाल्लेली निघते. आमच्या घराण्यात यातलं काही नाही. आमच्याकडे आजोबा आहेत, आणि ते ‘संत तुकाराम’मध्ये आहेत.

म्हणजे पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीने १९३६ साली काढलेल्या, दामले-फत्तेलालांनी दिग्दर्शित केलेल्या ‘संत तुकाराम’मध्ये. शेवटी तुकोबा गरुडाच्या विमानातून वैकुंठाला जातात. खाली देहूची माणसं जमलेली असतात. त्या माणसांत आमचे आजोबा आहेत, असं मी गेली पन्नास वर्षं सांगत आलो आहे. लग्नाच्या पंगतीत, रेल्वेच्या डब्यात, एकदा तर स्मशानात ज्यांना घेऊन गेलो होतो ते पूर्ण जळायच्या आत.

मी लहान असताना आजोबा ‘गर्दीत मागे कुठेतरी’ असायचे. माझ्या मुंजीपर्यंत ते पाचव्या रांगेत आले. माझ्या लग्नात तिसऱ्या. बँकेतून निवृत्त झालो तेव्हा निरोपाच्या भाषणात मी सांगून टाकलं, की खुद्द विष्णुपंत दामल्यांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि “तुम्ही जरा पुढे या” असं म्हटलं. आणखी पाच वर्षं नोकरी असती तर आजोबा विमानात बसले असते.

आजोबा मी सहा वर्षांचा असताना वारले, त्यामुळे त्यांना विचारायची सोय नव्हती. खरं सांगायचं तर हीच मोठी सोय होती.

माझं हे प्रभातवेड तसं दूरदर्शनमुळे सुरू झालं. शेजाऱ्यांच्या घरी, दारातल्या चपलांच्या ढिगाशेजारी बसून मी पहिल्यांदा ती तुतारी फुंकणारी बाई पाहिली. प्रभातची निशाणी. ती मागे रेलून तुतारी उंच धरते, आणि पुढचे दोन तास आपल्या हातात काहीतरी भरीव पडणार याची खात्री पटते. दुसऱ्या दिवशी मी रॉकेलचं नरसाळं तोंडाला लावून आमच्या गच्चीवर तसाच रेललो. आवाज आला नाही. तोंडात रॉकेल आलं. आईने त्या दिवशी जी तुतारी फुंकली ती मात्र खालच्या मजल्यापर्यंत ऐकू गेली.

पुढे वेड वाढत गेलं. माझ्या वयाची मुलं क्रिकेटचे आकडे पाठ करत, मी प्रभातचे करत होतो. स्थापना १ जून १९२९, कोल्हापूर. भागीदार पाच : व्ही. शांताराम, विष्णुपंत दामले, साहेबमामा फत्तेलाल, केशवराव धायबर आणि भांडवलाची बाजू सांभाळणारे सीतारामपंत कुलकर्णी. शांताराम, दामले, फत्तेलाल हे बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत तयार झालेले. १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’, मराठीतला पहिला बोलपट. त्यात दुर्गाबाई खोटे तारामती आणि गोविंदराव टेंबे हरिश्चंद्र. १९३३ साली बिऱ्हाड पुण्याला. हे सगळं मी न अडखळता म्हणायचो. शाळेत एकदा इतिहासाच्या पेपरात मराठेशाहीच्या विस्ताराची कारणं आठवली नाहीत, म्हणून मी प्रभातच्या विस्ताराची लिहिली. मास्तरांनी शून्य दिलं, पण खाली ‘माहिती बरोबर’ असा शेरा मारला. ते प्रमाणपत्र मी अजून जपून ठेवलंय.

नुसती माहिती असणं वेगळं आणि ती अंगात मुरणं वेगळं. माझ्या ती नको तिथे मुरली. १९३४ च्या ‘अमृतमंथन’मध्ये राजगुरूचे डोळे अख्खा पडदा व्यापून टाकतात. हिंदी आवृत्तीत चंद्रमोहन आणि मराठीत केशवराव दाते. प्रभात तेव्हा बरेच चित्रपट एकाच वेळी मराठीत आणि हिंदीत काढायची. सेट एक, गोष्ट एक, काही वेळा नट निराळे. त्या चंद्रमोहनच्या डोळ्यांनी मी इतका भारलो, की बँकेच्या काउंटरवर बसल्यावर हुज्जत घालणाऱ्या गिऱ्हाइकाकडे तसंच, पापणी न लववता, खालून वर बघायची सवय लावून घेतली. समोरचा गडी कोसळेल अशी कल्पना होती. आठवड्याभरात तीन जणांनी डोळे आले आहेत का म्हणून विचारलं, एका आजीबाईंनी गुलाबपाण्याची बाटली आणून दिली, आणि मॅनेजरांनी मला आतल्या खोलीत लेजर तपासायला बसवलं.

शांता आपटेंची गोष्ट तर घरावरच आली. या बाईने १९३९ साली कराराच्या वादातून प्रभातच्या फाटकाशी उपोषण केलं होतं. नटीने मालकाच्या दारात उपाशी बसायचं, तेही त्या काळात! जी पडद्यावर ‘कुंकू’मधली नीरा होती, ती फाटकाबाहेरही नीराच होती, हे मला फार थोर वाटतं. तेव्हा घरातल्या टीव्हीवर रात्री नऊच्या मालिकेऐवजी जुना चित्रपट लावायला मिळावा म्हणून मीही स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी उपोषणाला बसलो. शांताबाईंच्या आणि माझ्या उपोषणात फरक एवढाच, की माझं दुपारी साडेबाराला थालीपिठाच्या वासाने मोडलं.

आणि ‘कुंकू’चं नाव निघालंच आहे तर तेही सांगून टाकतो. घरात ते बाराही महिने निघतं.

१९८७ साली आमचं लग्न ठरलं. साखरपुडा झाला आणि पहिल्यांदा दोघांनी बाहेर जायचं ठरलं. माझे मित्र अशा वेळी भावी पत्नीला संभाजी बागेत नाहीतर सारसबागेत नेत. मी म्हटलं, आपण काहीतरी उच्च करू. एका चित्रपट मंडळाचा ‘कुंकू’चा खेळ होता. चित्रपटाला पन्नास वर्षं होत होती, असा योग पुन्हा येणार नव्हता. त्यात भर म्हणजे हिच्या वडिलांनाही बरोबर नेलं. जाणकार माणूस, म्हटलं खूश होतील.

‘कुंकू’ काय आहे ते ज्यांना ठाऊक आहे त्यांनी एव्हाना कपाळाला हात लावला असेल. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी : एका तरुण मुलीला फसवून तिचं म्हाताऱ्या बिजवराशी लग्न लावून दिलं जातं, आणि ती मुलगी ते लग्न मानायला साफ नकार देते. ना. ह. आपट्यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून घेतलेला हा चित्रपट. त्यातला नवरा म्हणजे केशवराव दाते. मी तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा होतो, पण डोक्यावरचे केस अठ्ठेचाळिसाव्या वर्षाला पोचले होते.

मी आपला अंधारात कुजबुजत होतो : “बघा, शांतारामबापूंनी पार्श्वसंगीत वापरलेलंच नाही. जे पडद्यावर आहे त्याचाच आवाज. ते घड्याळ बघा. म्हाताऱ्याचं आणि घड्याळाचं कसं एक करून टाकलंय बघा.” माझ्या एका बाजूला ही, दुसऱ्या बाजूला सासरे. पडद्यावर दात्यांनी आरशासमोर उभं राहून पिकलेल्या मिशीचा बंदोबस्त सुरू केला, तसे सासरे माझ्याकडे वळले, आणि पडद्यावरच्या उजेडात माझ्या टकलाकडे बराच वेळ बघत राहिले. मध्यंतरात त्यांनी मला अगदी सहज विचारलं, “जन्मदाखला नगरपालिकेचा आहे ना तुमचा?”

दाखला दाखवल्यावर लग्न झालं. लग्नात सासऱ्यांनी भिंतीवरचं लंबकाचं घड्याळ दिलं. गेली अडतीस वर्षं ते दिवाणखान्यात आहे. मी काही शहाणपणाचं बोलायला लागलो की ही काही न बोलता फक्त त्याच्याकडे बघते. मला वाटतं, चित्रपटाचं इतकं नेमकं रसग्रहण कोणत्याही समीक्षकाने केलेलं नाही.

तर अशी माझी तयारी. या तयारीच्या जोरावर गेल्या वर्षी आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात मी जाहीर केलं, की १ जूनला, प्रभातच्या स्थापनादिनी, ‘संत तुकाराम’ दाखवायचा, आधी मी बोलणार आणि शेवटी पडद्यावर चित्र थांबवून आमचे आजोबा दाखवणार.

हे मी का बोललो, कोण जाणे. तोवर आजोबा गर्दीत नेमके कुठे आहेत हे मी स्वतःच कधी पाहिलेलं नव्हतं.

मग शोध सुरू झाला. मुलाने संगणकावर चित्रपट चालू करून दिला आणि एकेक चौकट पुढे कशी सरकवायची ते शिकवलं. एका सेकंदाला चोवीस चौकटी. एका मिनिटाला चौदाशे चाळीस. मी अकरा दिवस देहूच्या गर्दीत हिंडत होतो. बायकांची रांग वेगळी काढली, पोरं वेगळी काढली, टाळकरी मोजले. मान आखडली. डोळ्यांच्या डॉक्टरांनी विचारलं, सारखं काय बघता? म्हटलं, वैकुंठगमन. त्यांनी थेंब लिहून दिले आणि मुलाला बाजूला बोलावून माझ्या प्रकृतीची चौकशी केली.

बाराव्या दिवशी ते सापडले. डावीकडून तिसऱ्या रांगेत एक किडकिडीत माणूस. डोक्याला पागोटं, दोन्ही हात जोडलेले, चेहरा वर. चित्र मोठं केलं की चेहऱ्याचे नुसते ठिपके व्हायचे, पण त्या ठिपक्यांतूनही नाक वर येत होतं. आमच्या घराण्याचं नाक! मी ओरडलो. ही ओट्याजवळून आली, पडद्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, “हे नाक आपल्या दूधवाल्याचंही आहे.” आणि घड्याळाकडे बघत परत गेली.

आता पुरावा पक्का करायचा राहिला. कोल्हापूरला माझी आत्या असते, सत्त्याऐंशी वर्षांची, आजोबांची एकुलती एक लेक. तिला फोन केला. ऐकायला तिला कमी येतं, त्यामुळे फोनवर एवढंच ठरलं, की दादांचा, म्हणजे आजोबांचा, सत्कार आहे आणि तिने यायचं. तिने दादांना जाऊन साठ वर्षं झाली याची आठवण करून दिली. मी म्हटलं, कलावंत मरत नसतो. ती म्हणाली, “मोठ्याने बोल.”

स्थापनादिनाच्या आदल्या दिवशी मी प्रथेप्रमाणे लॉ कॉलेज रस्त्यावर जाऊन प्रभातच्या वास्तूला नमस्कार करून आलो. कंपनी १९५३ साली बंद झाली, आणि १९६० पासून तिथे फिल्म इन्स्टिट्यूट आहे. शांतारामबापू १९४२ मध्येच बाहेर पडून मुंबईत राजकमल काढून बसले होते. पुढे याच प्रभातमध्ये देव आनंद नवखा नायक म्हणून आणि गुरुदत्त नृत्यदिग्दर्शनाला, असे दोघं भेटले आणि जन्माचे दोस्त झाले. हे सगळं मनात आणून मी फाटकापाशी डोळे मिटून उभा राहतो. पहिली नऊ वर्षं मी ज्या फाटकाला नमस्कार करत होतो ते फाटक बरंच अलीकडचं, एका खाजगी बंगल्याचं निघालं. बंगल्यातल्या आजोबांचा समज असा, की मी दरवर्षी भाड्याने खोली मिळावी म्हणून येतो. आता मी योग्य फाटकाशी जातो, पण त्या आजोबांनाही हात करतो.

कार्यक्रम वस्तीतल्या विठ्ठल मंदिराच्या सभागृहात होता. सतरंज्या घातलेल्या, म्हणून चपला बाहेर. सत्तर-ऐंशी मंडळी जमली. सुरुवात प्रभातच्या इतमामाने व्हावी म्हणून मी लग्नाच्या वरातीत वाजवणारा एक तुतारीवाला ठरवला होता. तो फेटाबिटा बांधून वेळेवर आला आणि त्याने पहिला प्रश्न विचारला, “नवरदेव कुठंय?” मी माझ्याकडे बोट दाखवलं. त्याने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. ‘कुंकू’च्या खेळातल्या माझ्या सासऱ्यांसारखाच तो माझ्या टकलापाशी थांबला, पण बोलला काही नाही. अनुभवी माणूस.

त्याने तुतारी उचलली. मी दिवे मालवायची खूण केली. बंद सभागृहात, ज्येष्ठ नागरिकांच्या दीड हातावर, तुतारी वाजली. पहिल्या रांगेतल्या चौघांनी कानातली यंत्रं उपसून काढली. मागच्या रांगेतले एक काका डुलकीतून जागे होऊन अक्षता टाकायला उभे राहिले. आत्याने मात्र चेहरा उजळून आजूबाजूला बघितलं, म्हणाली, “आता कसं नीट ऐकू आलं!”

माझं भाषण झालं. चांगलं झालं, असं मला वाटतं. मी विष्णुपंत पागनिसांविषयी सांगितलं : रंगभूमीवर स्त्रीभूमिका करणारा हा माणूस तुकाराम झाला आणि असा झाला की पुढे लोक त्यांच्या पाया पडू लागले. आज कॅलेंडरवर तुकोबा म्हणून जो चेहरा आपण ओळखतो तो पुष्कळदा पागनिसांच्या वळणाचा असतो. मुंबईच्या सेंट्रल सिनेमात हा चित्रपट वर्षाहून जास्त चालला. १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याची नावाजणी झाली. शांताराम आठवल्यांनी त्यासाठी लिहिलेला बीजाचा अभंग लोकांनी तुकोबांचाच मानला, आणि गीतकाराला याहून मोठं बक्षीस कुठलं असतं? आणि मी गौरीविषयी सांगितलं. कंपनीत किरकोळ कामं करणारी ही बाई जिजाई झाली. नवरा विठ्ठलात बुडालेला, घरात दाणा नाही, पोर आजारी. तेव्हा ती हातात पायताण घेऊन देवळात जाते आणि पांडुरंगालाच जाब विचारते. तुकोबा भाव सांगतात, ही भाजीचा भाव सांगते. वैकुंठाला चल म्हटलं तरी ही यायची नाही. मागे म्हैस आहे, पोरं आहेत. अख्खा चित्रपट या दोघांमध्ये ताणलेला आहे, म्हणून तो एवढा सुरेल वाजतो. वर नुसता देव असता तर भजन झालं असतं, आणि नुसती जिजाई असती तर भांडण.

हे सगळं मी मनापासून बोललो. इथेच थांबायला हवं होतं.

चित्रपट सुरू झाला. दोन तासांत कुणी हललं नाही. जिजाई पायताण घेऊन निघाली तशा बायका पुढे सरकून बसल्या. एका आजींनी मोठ्याने “बरोबर आहे तिचं” असंही सांगितलं. आपण देवळाच्या सभागृहात बसलोय हे त्यांच्या लक्षात नव्हतं. किंवा होतं. मग शेवट आला. गरुड आला. देहूची माणसं वर बघू लागली, आणि मी मुलाला खूण केली. चित्र थांबलं.

“तिसरी रांग,” मी काठीने दाखवलं. आवाज जरा कापत होता. “डावीकडून. पागोटं. हे आमचे आजोबा.”

टाळ्या पडल्या. मी त्या अंगावर घेत होतो एवढ्यात मागून एक गृहस्थ उभे राहिले. निवृत्त तलाठी. “माफ करा,” ते म्हणाले, “पण ते माझे वडील आहेत.”

सभागृह शांत झालं. मी हसलो, म्हटलं, तुमची काहीतरी गफलत होतेय. ते म्हणाले, “गफलत कशी? आमच्या घरात सगळे सांगतात. तिसरी रांग, डावीकडून. नाक बघा की.” आणि त्यांनी बाजू वळवून नाक दाखवलं. दुर्दैवाने ते होतं.

“अहो काहीतरीच काय,” खिडकीजवळच्या एक बाई म्हणाल्या, “ते आमचे मामंजी! दामल्यांनी स्वतः खांद्यावर हात ठेवून त्यांना पुढे घेतलं होतं.”

हे ऐकून मला दरदरून घाम फुटला. ती थाप माझी होती. माझी स्वतःची, निरोपाच्या भाषणात जागच्या जागी सुचलेली! ती त्यांच्या घरी कशी पोचली? की पुण्यातल्या प्रत्येक घरात कुणी ना कुणी निवृत्त होताना दामले येऊन खांद्यावर हात ठेवतात?

पाच मिनिटांत एका पागोट्याला तीन वारस उभे राहिले. तलाठी म्हणाले, सातबाऱ्यावर आधीच्या मालकाचं नाव बघावं लागेल. चौथा एक जण फक्त दुसऱ्या रांगेतला माणूस आपला म्हणत होता, त्याला कुणी हरकत घेतली नाही. तो जरासा हिरमुसून खाली बसला. पडद्यावर तुकोबा अर्ध्या आभाळात अडकून पडले होते.

“थांबा,” मी म्हटलं. “साक्षीदार आहे.” आणि आत्याला हाताला धरून पुढे आणलं. तिने चष्मा पुसला. पडद्याच्या अगदी जवळ गेली, इतकी की तिची सावली देहूवर पडली. बराच वेळ बघून ती वळली.

“हा कोण?” ती म्हणाली.

“दादा!” मी तिच्या कानात ओरडलो. “दादा आहेत ना ते?”

“दादा कुठले बाळू? दादांना चष्मा होता.”

“तो काढला असेल ना आत्या. तुकारामांच्या काळात कुठला चष्मा?”

“तेच तर,” आत्या म्हणाली. ती आता सभेला सांगत होती. तुतारीने तिचा कान आणि कंठ दोन्ही मोकळे केले होते. “दादा शनिवार पेठेत छापखान्यात खिळे जुळवायचे. डोळे पार अधू. शूटिंगला माणसं हवीत म्हणून कळलं, गेले. तिथं सगळ्यांना चष्मे काढायला लावले. दादांनी काढला. वर बघा म्हटलं की सगळे एकीकडे बघत, दादा भलतीकडे. त्यांना काही दिसतच नव्हतं. दोनदा झालं, तिसऱ्यांदा झालं, मग त्यांना रांगेतून बाहेर घेतलं. कुणी रागावलं नाही हो. म्हणाले, तुम्ही असं करा, या सगळ्यांच्या चपला नि चष्मे सांभाळा. मजुरी तेवढीच देऊ.”

कुणी तरी हुंदक्यासारखं हसलं. ती माझी बायको होती.

“मग काय,” आत्या म्हणाली, “चष्मा घालून बसले चपलांच्या राशीशी. दिवसभर. पण सांगायचे, त्या गर्दीतल्या कुणालाच काही दिसलं नाही, वर बघा म्हटलं की वर बघायचं एवढंच. मला मात्र सगळं दिसलं. पागनिस दिसले, गौरी दिसली. आणि एकाचीही चप्पल हरवली नाही. हे मात्र दर वेळी सांगायचे. मग सिनेमा लागला तर चौदा वेळा बघितला. आईला म्हणायचे, ह्या एवढ्या लोकांच्या चपला माझ्याकडे होत्या बरं का.”

सभागृहात कुणी बोलेना. तलाठीही खाली बसले. मी काठी हातात धरून उभा होतो आणि पन्नास वर्षं पुढेपुढे सरकवलेले आजोबा एका क्षणात रांगेतून निघून माझ्या डोळ्यांदेखत चौकटीबाहेर जाऊन बसले होते. चपलांच्या ढिगाशेजारी. जिथे बसून मी पहिल्यांदा ती तुतारी पाहिली, तिथेच.

मुलाने न सांगताच चित्र पुन्हा सुरू केलं. तुकोबा एकदाचे वैकुंठाला गेले.

नंतर चहा झाला. तलाठ्यांनी माझा हात दाबून सांगितलं, की त्यांच्या वडिलांनाही चष्मा होता, आता त्यांनाही शंका येते. मामंजीवाल्या बाई मात्र ठाम राहिल्या. असू दे, तिसऱ्या रांगेत कुणीतरी उभं राहायलाच हवं. आत्याभोवती गर्दी होती. तुतारीवाला पैसे घेऊन गेला आणि जाताना मला म्हणाला, “लग्नाला वेळ आहे तर तारीख सांगून ठेवा.”

सगळे गेल्यावर मी सतरंज्या गोळा केल्या, पडदा गुंडाळला आणि बाहेर आलो. वळवाचा पाऊस सुरू झाला होता. पायरीवर हिच्या चपला होत्या. आत्याच्या होत्या. मुलाचे बूट होते.

माझ्या नव्हत्या. कोल्हापुरी होत्या, तीन महिन्यांपूर्वीच घेतलेल्या.

मी पायऱ्यांच्या आजूबाजूला शोधलं, तुळशीवृंदावनामागे शोधलं. ऐंशी माणसांत कुणीच चपलांकडे बघत नव्हतं. बघणार कोण? सगळ्यांना तिसऱ्या रांगेत यायचं होतं.

“दादा असते,” आत्या छत्री उघडत म्हणाली, “तर गेल्या नसत्या.”

मी अनवाणी घरी आलो. पाय धुऊन दिवाणखान्यात बसलो आणि पहिल्यांदाच, कुणी न सांगता, आपण होऊन घड्याळाकडे बघितलं.